अकूस्टिकनंतरची पहिली उत्तम इलेक्ट्रिक गिटार: निवडीच्या प्रश्नाचा आढावा

अकूस्टिक गिटारीवर दोन-तीन वर्षे निष्ठेने हात बसवलेला, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेला, साधे आणि बॅरे असे दोन्ही प्रकारचे कॉर्ड न अडखळता धरू लागलेला विद्यार्थी जेव्हा आपली पहिली खरोखर उत्तम अशी इलेक्ट्रिक गिटार घेण्याचा संकल्प करतो, तेव्हा त्याच्या आणि त्याच्या पालकांच्याही मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणत्या कंपनीची घ्यावी हा. आणि या प्रश्नाची उत्तरे देणारे सल्लागार त्याला इतके मुबलक भेटतात, की विचारायचे प्रश्न निराळेच होते हे ध्यानात येण्यापूर्वीच व्यवहार उरकून गेलेला असतो. ज्या वाद्याकडे तो निघाला आहे त्याच्या तारा सहाच, त्यांची जुळणी तीच आणि कॉर्डचे आकारही तेच असले, तरी स्वराच्या उत्पत्तीचे स्थान मात्र बदललेले आहे. अकूस्टिक गिटारीत तारेचे कंपन पोकळ पेटीवरील पातळ फळी वाढवते. इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तारेच्या हालचालीने पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात बदल होऊन तांब्याच्या बारीक वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि पुढचा सारा कारभार अ‍ॅम्प्लिफायरच्या अखत्यारीत जातो. निवडीचे बहुतेक नियम या एका भेदातून निष्पन्न होतात, आणि त्या सर्वांचा विचार करता माझे मत असे झाले आहे, की या खरेदीत नावापेक्षा हाताला व लाकडापेक्षा वाद्य लावण्याच्या कारागिरीला अधिक मान दिला पाहिजे.

इतिहासाचा थोडा मागोवा घेतला तर बाजारातील गोंधळ पुष्कळसा निवळतो. अमेरिकेतील नृत्यवृंदांत पितळी वाद्यांच्या घोषापुढे गिटारीचा स्वर बुडून जात असे. या अडचणीतून जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची विद्युत् हवाईयन गिटार विक्रीस आणली; १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने पोकळ पेटीच्या गिटारीवर पिकअप बसवून ईएस-१५० काढली; आणि १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चनने या नव्या वाद्यावर असे काही एकल वादन केले, की मागे बसून ताल धरणारी गिटार सॅक्सोफोनच्या पंक्तीला येऊन बसली. परंतु पोकळ पेटी मोठा आवाज सहन करीत नाही. लाऊडस्पीकरमधून निघालेला ध्वनी पेटीला पुन्हा थरथरवतो आणि एक अनावर घुमारा उठतो. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे आलेल्या आणि स्वतः गिटार वाजवू न शकणाऱ्या लिओ फेंडरने १९५० मध्ये पेटीच काढून टाकली, भरीव लाकडाला चार स्क्रूंनी नेक जोडला, आणि जे वाद्य सिद्ध केले ते १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध आहे. १९५२ मध्ये गिब्सनची लेस पॉल, १९५४ मध्ये फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर, आणि १९५८ मध्ये मध्यभागी भरीव ठोकळा व दोन्ही अंगांना पोकळी असलेली गिब्सनची ईएस-३३५ ही वाद्ये आली. अवघ्या आठ वर्षांत चार घराणी स्थिर झाली, आणि आज दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या गिटारींपैकी फार थोड्या या चार घराण्यांच्या बाहेरच्या असतात. आपल्याकडेही या वाद्याची परंपरा आजची नाही: व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारीवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या एका पिढीने ऐकल्या, गोमंतकीय वंशाचे आणि मुंबईत जन्मलेले अमान्सिओ डिसिल्वा १९६९ मध्ये लंडनच्या जॅझविश्वात आपली ध्वनिमुद्रिका काढून गेले, आणि १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तील ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांच्या हातची आहे.

आता हाताकडे वळू, कारण अकूस्टिकवर शिकलेल्या माणसाची खरी मिळकत त्याचा हात असतो, आणि नव्या वाद्यावर पहिल्यांदा अडखळतो तोही हातच. अकूस्टिकवर सामान्यतः १२-५३ मापाचा, म्हणजे इंचाच्या १२ सहस्रांश जाडीपासून ५३ सहस्रांश जाडीपर्यंतचा संच चढवलेला असतो. इलेक्ट्रिकवर ९-४२ किंवा १०-४६ हा शिरस्ता आहे. पहिल्या संचाचा एकूण ताण ७० किलोंहून अधिक, तर १०-४६ च्या संचाचा ५० किलोंच्या आत असतो. जो डावा हात इतके दिवस जाड तारांना दाबून नमवत होता तोच हात तितक्याच जोराने या हलक्या तारांवर पडला, म्हणजे तार फ्रेटवर अधिक ताणली जाते आणि प्रत्येक स्वर किंचित चढा लागतो. विद्यार्थी मात्र वाद्याला दोष देतो आणि ट्यूनरकडे पुन्हा पुन्हा पाहतो. यासाठी प्रारंभी १०-४६ चाच संच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. ९-४२ चा मोह काही महिन्यांनी, दाब हलका झाल्यावर करावा. आणखी एक तपशील पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. अकूस्टिकच्या वरील मापाच्या संचात तिसरी तार गुंडाळीची असते, इलेक्ट्रिकवर ती साधी, नुसत्या पोलादाची असते; तार खेचून स्वर चढवण्याची जी बेंड नावाची क्रिया या वाद्याच्या वाणीचा प्राण आहे, ती या साध्या तारेमुळे सुलभ होते. घरात शिल्लक असलेला ब्राँझच्या गुंडाळीचा अकूस्टिक संच इलेक्ट्रिकवर चढवण्याची काटकसर कोणी करू नये. पिकअपला त्यातील पोलादी गाभ्याचीच दखल घेता येते, ब्राँझची घेता येत नाही, आणि तारांचे परस्परांतील आवाजाचे प्रमाण बिघडते.

हाताच्या दृष्टीने तीन मापे निर्णायक ठरतात. नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेची कंप पावणारी लांबी, जिला स्केल म्हणतात, ती फेंडर पद्धतीत २५.५ इंच आणि गिब्सन पद्धतीत सुमारे २४.७५ इंच असते, आणि पॉल रीड स्मिथ (पीआरएस) या कंपनीने दोहोंच्या मधले २५ इंच पसंत केले आहेत. पाऊण इंचाचा हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच तारा त्याच स्वरात लावल्या असता लांब स्केलवर ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो, आणि बेंड करताना बोटाला त्याची तत्काळ जाणीव होते. अकूस्टिक गिटारींपैकी पुष्कळांचे स्केल २५.५ इंचांच्या आसपासच असल्याने फेंडर पद्धतीची फ्रेटमधली अंतरे अशा विद्यार्थ्याला ओळखीची वाटतात. दुसरे माप नटच्या रुंदीचे: अकूस्टिकवर ४३ ते ४४ मिलिमीटर, गिब्सनवर ४३ आणि फेंडरवर ४२ च्या जवळपास. बोटांनी तारा छेडणाऱ्याने, विशेषतः ज्याची बोटे जाड आहेत त्याने, या एका मिलिमीटरची उपेक्षा करू नये. तिसरे माप फ्रेटबोर्डच्या गोलाईचे. जुन्या फेंडरची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे अधिक उभार. आताच्या बहुतेक फेंडरची ९.५ इंच, आणि गिब्सनची १२ इंच. उभार गोलाईवर कॉर्ड सुखाने धरता येतात, पण तारा फार खाली बसवल्या असतील तर वरच्या फ्रेटवर मोठा बेंड करताना स्वर मध्येच गुदमरतो. यांखेरीज नेकच्या पाठीचा आकार म्हणून एक गोष्ट आहे, तिचे माप कागदावर वाचून काहीच कळत नाही. ती तळहाताने पाहायची असते.

पिकअपच्या विषयात मतभेद फार आणि आवेश त्याहून फार. तरी मूळ व्यवस्था सरळ आहे. एका वेटोळ्याचा, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप स्वच्छ, कडेदार आणि उजव्या हाताच्या बारीकसारीक दाबाला तत्काळ प्रतिसाद देणारा असतो. मात्र भोवतालच्या विजेच्या तारांतील ५० हर्ट्झचा गुंजारवही तो तितक्याच तत्परतेने उचलतो. गिब्सनमधील सेथ लव्हर या अभियंत्याने दोन वेटोळी उलट गुंडाळून व त्यांच्या चुंबकांचे ध्रुव उलट ठेवून असा हमबकर सिद्ध केला, की तारेचे संकेत एकमेकांत मिळवले जातात आणि बाहेरचा गुंजारव एकमेकांना छेदून नाहीसा होतो. १९५७ पासून तो गिब्सनच्या गिटारींवर बसू लागला. त्याचा स्वर भरदार, घट्ट आणि टोकाला किंचित मऊ असतो, व अ‍ॅम्प्लिफायरला तो लवकर डिस्टॉर्शनमध्ये ढकलतो. दोहोंच्या मध्ये १९४६ पासूनचा पी-९० उभा आहे. तो आहे एकाच वेटोळ्याचा, म्हणून गुंजारव करतो; पण त्याच्या स्वराला जो खडबडीत मांसलपणा आहे, तो लाकडी पेटीच्या ध्वनीवर कान घडलेल्या माणसाला फार जवळचा वाटतो, आणि आपल्या दुकानांत त्याची उपेक्षा व्हावी याची मला खंत वाटते. अकूस्टिक वादकाने उजव्या हाताचे जे तारतम्य कमावलेले असते, हलका छेद कुठे, भरदार कुठे, ते सिंगल कॉइल आणि पी-९० अधिक प्रामाणिकपणे पुढे पोचवतात, आणि पहिल्या निवडीत याला मी मोठे वजन देतो. गुंजारवाविषयी मात्र एक व्यावहारिक इशारा अवश्य द्यावा लागेल: जुन्या इमारतींतील पुष्कळ सॉकेटना अर्थिंग नीट नसते, आणि तिथे पिकअप बदलून उपयोग होत नाही. तारांना सतत हात लागणाऱ्या वाद्याच्या बाबतीत हा जिवाच्या सुरक्षिततेचाही विषय आहे, म्हणून गिटार घरी येण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंगची खातरजमा करून घ्यावी.

ब्रिजचा विचार अकूस्टिककडून येणाऱ्याने अधिकच काळजीपूर्वक केला पाहिजे, कारण त्याला बहुधा निरनिराळ्या जुळण्यांची सवय असते. टेलिकास्टर किंवा लेस पॉल यांच्यासारख्या स्थिर ब्रिजवर सहावी तार ई वरून डी वर उतरवली तर बाकीच्या तारांत होणारा फरक नगण्य असतो. परंतु स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या ट्रेमोलो ब्रिजवर एका तारेचा ताण कमी होताच स्प्रिंग ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. फ्लॉइड रोझ पद्धतीत तर नटवरही तारा आवळलेल्या असल्याने जुळणी बदलणे हे एक स्वतंत्र प्रकरणच होऊन बसते. रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स पाच तारांची ओपन जी जुळणी टेलिकास्टरवर वर्षानुवर्षे वाजवत आले, त्यामागे स्थिर ब्रिजची ही सोय आहेच. फ्लॉइड रोझ हे विशिष्ट शैलीसाठी उत्कृष्ट साधन आहे. पहिल्या उत्तम गिटारीवर ते नसावे.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल आवश्यकतेहून फार अधिक लिहिले गेले आहे. अकूस्टिकमध्ये लाकूड हा स्वराचा आधार आहे. भरीव इलेक्ट्रिकमध्ये पिकअप, त्यांची तारांपासूनची उंची, स्केल, तारा आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या तुलनेत त्याचा वाटा लहान. आल्डर, अ‍ॅश, महोगनी ही नावे पाहून निर्णय करण्यापेक्षा वजन पाहावे: लेस पॉल ४ किलोंच्या पुढे सहज जाते, टेलिकास्टर बहुधा साडेतीन किलोंच्या आसपास असते, आणि दोन तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हा फरक कळतो. फ्रेटबोर्डसाठी जगभर वापरला जाणारा इंडियन रोझवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला शिसव. २०१७ साली शिसवाच्या सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाखाली आल्यावर अनेक कंपन्यांनी दुसरी लाकडे स्वीकारली, आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. या मधल्या वर्षांतील गिटारींवर निराळे लाकूड दिसले तर ती हलक्या प्रतीची आहे असा ग्रह करून घेऊ नये.

किमतीचा आणि निर्मितिस्थानाचा प्रश्न यानंतर येतो, आणि येथे नावाचा महिमा किती ठेवावा हे ठरवावे लागते. १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली गेली; पुढील काळात कारखान्याच्या दर्जाबद्दल इतक्या तक्रारी झाल्या, की ‘सीबीएसपूर्व’ ही जुन्या बाजारात स्वतंत्र प्रतवारी बनली, आणि १९८५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या एका गटाने कंपनी परत विकत घेतली. नाव तेच राहूनही कारागिरी बदलू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला नको. त्याच १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलनने अकूस्टिक बाजूला ठेवून जी स्ट्रॅटोकास्टर हाती घेतली, ती २०१३ मध्ये लिलावात ९ लाख ६५ हजार डॉलरांना गेली. पण वाद्य म्हणून ती कारखान्यातून निघालेली एक सामान्य स्ट्रॅटोकास्टरच होती, आणि ती किंमत इतिहासाची होती. आज एकाच आकृतीची गिटार तीन-चार पायऱ्यांवर मिळते: फेंडरच्या खाली तिचीच स्क्वायर, गिब्सनच्या खाली एपिफोन, आणि फेंडर नावातच अमेरिकेतील कोरोना व मेक्सिकोतील एन्सेनाडा असे दोन कारखाने. मधल्या पायरीवर मेक्सिकोतील फेंडर, इंडोनेशियातील पीआरएस एसई, यामाहाच्या पॅसिफिका व रेव्हस्टार यांच्या वरच्या प्रती, आणि जपानमधील काही आयबानेझ येतात. ‘उत्तम’ या विशेषणाला पात्र असे वाद्य या पायरीवर निःसंशय मिळते. त्याहून वर मोजलेल्या पैशाचा मोठा हिस्सा फ्रेटच्या कडांची घासणी, नटचे काम, खुंट्या व पॉलिश यांवर, आणि उरलेला नावावर जातो; आणि भारतात परदेशी वाद्यावर आयातशुल्क व कर चढत असल्याने हा नावाचा हिस्सा अधिकच महाग पडतो. ज्याला पुढे व्यवसाय करायचा आहे, त्याने वरच्या पायरीचा विचार दुसऱ्या गिटारीच्या वेळी करावा.

ज्या गोष्टीवर मला सर्वाधिक भर द्यावयाचा आहे, ती कंपन्यांच्या पत्रकांत क्वचितच सापडते. मिरजेचा तंतुवाद्य-कारागीर जवारी काढल्यावाचून तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही; इलेक्ट्रिक गिटारीचा सेटअप हे तितकेच अविभाज्य काम असून आपल्याकडे ते बहुधा केलेच जात नाही. नेकमधील ट्रस रॉड फिरवून त्याची वक्रता ठरवणे, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटरांच्या दरम्यान आणणे, नटमधील खाचा तारांच्या मापाने घासणे, ब्रिजवरील प्रत्येक सॅडल पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटचा स्वर व तेथील हार्मोनिक एकरूप करणे, आणि पिकअपची उंची लावणे, एवढी कामे झाल्यावर मध्यम किमतीची गिटार पुष्कळदा दुप्पट किमतीच्या न लावलेल्या गिटारीला मागे टाकते. हे एकदा करून भागत नाही. कोकणच्या पावसाळ्यात नेकचे लाकूड ओलावा घेते, देशावरच्या उन्हाळ्यात तो सोडते, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत हिवाळ्याच्या हीटरमुळे फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके हाताला बोचू लागतात. खोलीतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखता आली तर उत्तम. नपेक्षा वर्षातून दोनदा सेटअप करून घेण्याची तजवीज ठेवावी. समुद्रकाठी राहणाऱ्याने वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात, कारण खारी हवा पोलादाला फार लवकर खाते.

अ‍ॅम्प्लिफायर हा या वाद्याचा उत्तरार्ध आहे, आणि सगळा पैसा गिटारीवर वेचून उरलेल्या चिल्लरीत तो आणणे हा खरेदीतील सर्वांत मोठा दोष मी समजतो. गिटारीचा स्पीकर सुमारे ५ हजार हर्ट्झच्या वरचे स्वरांश फारसे बाहेर सोडत नाही, आणि डिस्टॉर्शनचा खरखरीतपणा त्यामुळेच सुसह्य व मधुर होतो. म्हणून अकूस्टिकसाठी घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर किंवा घरातील संगीतसंच येथे कामाचा नाही, त्यातून तोच आवाज कर्कश निघतो. व्हॅक्यूम ट्यूबचे फेंडर, मार्शल वा व्हॉक्स हे या कलेचे आदर्श खरे, पण ट्यूब तापून रंगात येण्यासाठी जो आवाज लागतो, तो फ्लॅटमधील शेजाऱ्यांना मानवणारा नाही. राहत्या घरासाठी यामाहा टीएचआर किंवा बॉस कटाना यांसारखे डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर आज पूर्णपणे समाधानकारक आहेत. एकूण रकमेचा एक-तृतीयांश भाग यासाठी राखून ठेवावा, आणि उरलेल्यात जी गिटार बसेल तिचाच विचार करावा.

मग घ्यावी कोणती? गाण्याच्या साथीला स्ट्रमिंग करणाऱ्या, जुळण्या बदलणाऱ्या, अकूस्टिकचा हात जपू इच्छिणाऱ्या बहुसंख्यांसाठी माझा निर्वाळा स्थिर ब्रिजच्या टेलिकास्टर जातीच्या गिटारीला आहे: दोन पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, आणि चूक झाकण्यास कोठेही जागा नाही. जॅझ आणि बोटांनी वाजवण्याकडे ओढा असेल तर ईएस-३३५ जातीची. जड रॉककडे असेल तर स्थिर ब्रिज व हमबकर असलेली. आणि मन खरोखरच ठरत नसेल तर दोन सिंगल कॉइल व एक हमबकर असलेली पॅसिफिका, जी कोणत्याही शैलीत परकी वाटत नाही. नाव कोणतेही असो, दुकानात ती आधी अ‍ॅम्प्लिफायरशिवाय वाजवावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून पाहावा, बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर पूर्ण स्वराचा बेंड करावा, नेककडे डोळा लावून तो पिळलेला नाही ना ते पाहावे, आणि एकाच जातीच्या दोन-तीन गिटारी मागून घ्याव्यात, कारण त्याच कारखान्यातल्या दोन प्रतींतही अंतर असते.

आणि विक्रेत्यांकडे एक मागणे आहे. मुंबईच्या फुर्ताडोजसारखी दुकाने १८६५ पासून या देशात वाद्ये विकत आली आहेत; महाराष्ट्रात आणि गोव्यात या व्यवसायाला अनुभवाची उणीव नाही. अशा सर्व विक्रेत्यांनी इलेक्ट्रिक गिटारीच्या किमतीतच पहिला सेटअप आणि सहा महिन्यांनंतरचा दुसरा सेटअप धरावा, ते काम करणारा माणूस दुकानात ठेवावा, आणि सेटअप करून दाखवल्यावाचून गिटार गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.